यहेज्केलच्या पानांतला अर्ज

प्रभुभोजनाच्या पाच दिवसांतला सोमवार हा फिन्लेच्या घरात सगळ्यांत हलका दिवस. गुरुवारी पाहुणे येतात तेव्हा त्याच्या बायकोच्या, एफीच्या, कपाळावर आठी असते. शुक्रवारी ती बटाट्यांच्या पोत्यात हात घालून अंदाज घेत असते. शनिवारी दोन दिवसांचं सोलणं, रांधणं, पाणी भरणं उरकायचं, कारण रविवारी शब्बाथ, चमचासुद्धा बेतानं उचलायचा. सोमवारी मात्र उपकारस्तुतीची उपासना झाली, वर मटणाचं जेवण झालं, की पाहुणे आपापल्या वाटेला लागतात आणि घरच्यांना आपापले पलंग परत मिळतात.

यंदा नऊ पाहुणे होते. ज्या गावात प्रभुभोजन त्या गावानं आल्यागेल्याला गुरुवार ते सोमवार अंथरूण-पांघरूण आणि जेवण द्यायचं, पुढच्या वेळी दुसऱ्या गावानं, अशी स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची रीत. ती सगळे पाळत. फिन्ले मात्र अर्धीच पाळी. चाळीस वर्षं त्यानं लोकांना ठेवून घेतलं, पण स्वतः कधी कुणाकडे राहिला नाही. दुसऱ्या गावच्या उपासनेला गेला तरी रात्री गाडी हाणत घरी येई. चर्चच्या मंडळीच्या वडीलजनांपैकी एक, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याला सांगणार कोण?

त्याची थोरली मुलगी डॉलिना गेल्या चार रात्री कापड विणायच्या मागाच्या खोलीत जमिनीवर झोपत होती, कारण तिचा पलंग ग्लासगोच्या अ‍ॅनागबाईंना दिला होता. शेहेचाळिसाव्या वर्षी जमिनीवर झोपलं की कंबर आपलं म्हणणं मांडते. पण डॉलिना त्या सकाळी खुशीत होती. स्टॉर्नोवेच्या शाळेच्या कचेरीतून तिनं आठवडाभराची रजा घेतली होती, आणि कचेरी तिच्यावाचून चालत नाही याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

न्याहारीआधी सगळे मोठ्या खोलीत घरच्या उपासनेला बसले. वाचनाचा मान पाहुण्याचा. फिन्लेनं आपलं जाडजूड पवित्र शास्त्र बेटाच्या उत्तर टोकाहून आलेल्या टॉर्मोडच्या हातात दिलं. टॉर्मोड सत्तरीचा, बिनलग्नाचा, आणि चारचौघांनी डावीकडे पाहिलं की हटकून उजवीकडे पाहणारा. उपकारस्तुतीच्या दिवशी शहाणा माणूस एखादं स्तोत्र काढतो, नाहीतर शुभवर्तमान. टॉर्मोडनं यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक काढलं.

पानं उलगडली आणि मधून एक घडी घातलेला कागद घसरला, तो थेट अ‍ॅनागबाईंच्या बुटापाशी. त्यांनी तो उचलला, चष्मा जवळ नसल्यानं उगाच उलटासुलटा पाहिला आणि शेजारी बसलेल्या डॉलिनाला दिला. कागदाच्या माथ्यावर निळ्या शाईत डॉलिनाचंच अक्षर होतं. तिच्या भाचीचं नाव, जन्मतारीख, शाळेचा शिक्का. खाली सहीची जागा कोरी.

"वाचा पुढं," फिन्ले म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

टॉर्मोडनं वाचलं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. खिडकीशी बसलेली सतरा वर्षांची इशबेल आत्याच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती, आणि तिची आई मायरेड सासऱ्याकडे.

*

उपासना संपल्यावर स्वयंपाकघराचं दार लागलं. आत तिघी. एफी मटणाच्या पातेल्यावर, मायरेड ओटच्या भाकऱ्यांवर, आणि डॉलिना कागद घेऊन मधोमध उभी.

"म्हणजे तू दाबून नव्हता ठेवलास," डॉलिना म्हणाली.

"मी?" मायरेडनं उलथनं खाली ठेवलं. "मला वाटलं, तुम्ही कधीच पाठवलात आणि तिकडून नकार आला. मी तर पोरीला सांगून बसले, जागा भरल्या असतील म्हणून."

"आणि मला वाटलं, बाबांनी सही करून तुझ्याकडे दिला, आणि तुला ती जायला नको आहे. म्हणून मी तोंड फिरवून होते."

"तीन आठवडे."

"तीन आठवडे."

"दोघी बोलत नव्हता तेव्हा घरात शांतता तरी होती," एफी म्हणाली. "भाकरी करपतेय."

प्रकरण असं होतं. ग्लासगोतल्या एका विद्यापीठात जहाजं बांधायला शिकवतात. तिथं लांबच लांब पाण्याचा हौद आहे, त्यात जहाजांचे लाकडी नमुने ओढून पाहतात. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, एका शनिवारी ते तो हौद शाळकरी मुलांना उघडतात, आपण केलेला नमुनाही आणा म्हणतात. इशबेलनं वर्षभर खपून हातभर लांबीची एक होडी केली होती आणि गावच्या तळ्यात तिची परीक्षा घेऊन घेऊन स्वतःच्या बोटांची सालं काढली होती. लांबून येणाऱ्या मुलांना विद्यापीठ जाण्यायेण्याचं भाडं आणि एका रात्रीची सोय देतं. अर्ज मात्र वेळेत लागतो, खाली घरच्या कर्त्याची सही लागते.

असे अर्ज भरण्यात डॉलिनाचा हात धरणारा बेटावर कुणी नव्हता. तीन वर्षांत चौदा मुलं तिनं समुद्रापार विद्यापीठं बघायला धाडली होती. कुठलं तिकीट महिनाभर आधी काढलं की अर्ध्यात पडतं, लोकरीच्या लॉरीत पुढच्या सीटवर कोण फुकट बसवून नेतो, सगळं तिला पाठ. विद्यापीठं पैसे देतात ते जाऊन आल्यावर, तिकिटं दाखवल्यावर, आणि हातात आधी पैसा नसलेली घरं नेमकी तिथंच अडतात, हेही तिनंच ओळखलं. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसून तिनं शाळेकडून आगाऊ तिकिटं काढायची पद्धत पाडली होती. परक्यांच्या चौदा पोरांचं केलं, आणि घरची पोर यहेज्केलमध्ये घडी होऊन पडली होती.

"एका अर्थी बरंच झालं, ताई," मायरेड हळूच म्हणाली.

"काय बरं झालं?"

"राहिलं ते. यांचं आठवतं ना तुम्हाला? नऊ आठवडे. नऊ आठवड्यांत परत आले ते ग्लासगोहून, आणि नंतर दोन वर्षं त्या गावाचं नाव काढलेलं खपत नव्हतं. आजही बोटीवरून फोन करतात तेव्हा विचारतात, पोरगी तिकडंच जाणार म्हणते का अजून."

कॅलम हा डॉलिनाचा धाकटा भाऊ, मायरेडचा नवरा. त्याची पेटी भरलेली तिनं पाहिली होती आणि रिकामी झालेलीही.

"तो का परत आला?" ती म्हणाली. "त्यानं आधी पाहिलं होतं का काही? अठरा वर्षांच्या पोराला आपण डोळे बांधून बोटीत बसवला. पहिला आठवडा खोली शोधण्यात गेला, दुसरा वर्ग शोधण्यात. तिसऱ्या आठवड्यात कुणी त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि त्यानं तोंडच मिटलं. न बघता गेलेली पोरं नाताळला परत येतात, मायरेड. बघून गेलेली टिकतात. माझ्या चौदांतली तेरा टिकलीत."

"आणि चौदावी?"

"तिनं लग्न केलं. त्याला विद्यापीठ काय करणार?"

एफी हसली, पण लगेच पातेल्याकडे वळली. "पोरीनं जावं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते. पण तुझ्या बापाच्या सहीनं जावं. त्याच्या डोक्यावरून सही करून पाठवलीत तर ती या घरातून गेली असं मी म्हणणार नाही, पळाली म्हणेन. जा, मागं पीटच्या ढिगाशी असेल तो. सोमवारी मऊ असतो."

*

दलदलीतून कापून जळणासाठी वाळवलेल्या पीटच्या ढिगाकडे जायची वाट मागाच्या खोलीवरून. तिथं इशबेल होडी मांडीवर घेऊन बसली होती.

"आत्या, उशीर झाला का?"

"बुधवारपर्यंत त्यांच्या हातात हवा. आज चारला टपालाची गाडी आहे."

"म्हणजे झाला नाही." पोरीनं होडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, माझी पात्रता नव्हती. मी अर्जात लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि म्हणाले असतील, ही कोण. आई म्हणाली जागा भरल्या, पण मला वाटलं ती मला बरं वाटावं म्हणून म्हणतेय."

डॉलिनाला बापाचा आजवर अनेकदा राग आला होता, पण असा नाही. तीन आठवडे ही पोरगी स्वतःला कमी समजत हिंडत होती, पाहुण्यांना चहा देत होती, आणि कुणालाही पत्ता नव्हता.

"तुझं अजून कुणी वाचलेलंच नाही," ती म्हणाली. "होडी नीट ठेव. लागणार आहे."

फिन्ले ढिगातून वाळक्या विटा काढून टोपलीत भरत होता. मुलीची चाहूल लागली तरी त्यानं आणखी दोन विटा उचलल्या.

"यहेज्केलमध्ये का, बाबा?"

"तिथं कुणी जात नाही."

"टॉर्मोड जातो."

"टॉर्मोडला विसरलो," फिन्ले म्हणाला, आणि मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "मी खोटं बोललो नाही. तू विचारलंस तेव्हा बघतो म्हणालो. बघत होतो."

"तीन आठवडे?"

"त्यात एक ओळ आहे. या घराला हा खर्च झेपत नाही, अशी. तिच्याखाली सही मागतात. माझ्या छपराखाली नऊ माणसं झोपली आहेत, डॉलिना. चाळीस वर्षं झोपताहेत. आणि मी लिहून देऊ की मला नातीचं तिकीट झेपत नाही?"

"झेपतं का?"

फिन्लेनं मागाच्या खोलीकडे पाहिलं. मार्चपासून त्या मागावर कापड चढलं नव्हतं. कॅलमची बोट काम नसल्यानं दूरच्या बंदरात उभी होती आणि पगार निम्म्यावर आला होता.

"ते वेगळं," तो म्हणाला.

"वेगळं कसं? पाहुण्यांना घालायला आपल्या दावणीची मेंढरं आहेत, शेतातले बटाटे आहेत. बोटीचं तिकीट मेंढरात मिळत नाही."

"भीक आहे ती."

"भीक असती तर मी दारात उभी केली असती का? त्यांना चांगली पोरं हवी आहेत. लांबची पोरं खर्चापायी बघायलाच येत नाहीत हे त्यांना कळलंय, म्हणून भाडं देतात. गेल्या साली असाच अर्ज पाळकांच्या मुलाचाही होता."

"आपल्या पाळकांच्या?"

"सही केली त्यांनी. माझ्याच पेननं. दुसऱ्या रविवारी उपदेशही नेहमीसारखाच लांब केला."

फिन्लेनं आणखी एक वीट टोपलीत टाकली. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पाळकांचा दाखला टोपलीत टाकता येण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यानं बाजू बदलली. डॉलिना याच बापाची लेक, तिला हे अपेक्षितच होतं.

"बरं. शनिवारी चारला त्यांचं संपतं. शनिवारी रात्री ती इथं पोचत नाही. रविवारी बोट नाही, आणि असती तरी या घरातलं माणूस तीत चढलं नसतं. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन रात्री. ते किती देतात?"

"एक."

"एक. शब्बाथ म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, त्यांचा दोष नाही. उरलेल्या दोन रात्री पोर कुठं काढणार? पोरापोरींच्या वसतिगृहात? शनिवारी रात्रभर नाच आणि रविवारी दुपारपर्यंत झोप, तिथं?"

इथंच डॉलिनाही अडली होती. आधीच्या मुलांपैकी कुणाची मावशी तिकडे होती, कुणाच्या घरी शब्बाथाचं एवढं नव्हतं. इशबेलच्या बाबतीत ती तीन आठवडे वसतिगृहांचे दर चाळत होती आणि प्रत्येकापुढे फुली मारत होती.

बाप आपल्याला कोपऱ्यात घेतोय हे तिला दिसलं, आणि त्यालाही दिसलं. तो खुलला.

"मला असं घर दाखव," तो म्हणाला, "जिथं सकाळ-संध्याकाळ पुस्तक उघडतं, शब्बाथ पाळतात, आणि आमच्या पोरीला तीन रात्री आपली म्हणून ठेवतील. मग करतो सही. त्या ओळीखालीसुद्धा."

"शब्द?"

"मी एकदाच देत असतो."

तो टोपली उचलून घराकडे निघाला, हलक्या पावलानं. डॉलिना तिथंच उभी राहिली. त्याच्या पाठीमागे, अंगणातल्या दोरीवर, अ‍ॅनागबाई आपला टॉवेल वाळत घालत होत्या. ग्लासगोत गेलिक भाषेत उपासना करणाऱ्या मंडळीतल्या विधवा बाई. एकोणीस वर्षं दर सप्टेंबरात या घरी येणाऱ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि वळसा घालणारी बाई चौदा मुलांचे अर्ज भरून स्वतःला मोठी शहाणी समजत होती. डॉलिना एकटीच हसली.

*

"नाही," एफी म्हणाली.

"अगं पण आई, ग्लासगोत घर आहे त्यांचं. मोठं घर. मी नुसतं विचारते."

"पाहुण्याकडे मागायचं नसतं. प्रभुभोजनाच्या पाहुण्याकडे तर मुळीच नाही. चार दिवस जेवू घालायचं आणि निघताना हात पुढं करायचा? मग तो पाहुणचार राहिला का? गिऱ्हाईक झालं."

"बाबांनी शब्द दिलाय."

"त्यानं घर दाखव म्हटलंय. घर माग असं नाही म्हटलं. आणि मागितलंस तर तोच सगळ्यात आधी म्हणेल, की हे मागून आणलेलं आहे."

डॉलिनानं मायरेडकडे पाहिलं. मायरेड भाकऱ्या फडक्यात बांधत होती. "आई म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. सकाळी ती पोरीला पाठवायच्या विरुद्ध होती, आता सासूच्या बाजूला होती. दोन्ही वाटा एकीकडेच जात होत्या, आणि डॉलिनाला तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

उपासनेत सव्वा तास पाळक काय म्हणाले ते डॉलिनाला विचारू नये. ती हिशेब करत होती, पण पैशाचा नव्हे. अ‍ॅनागबाई दरसाल निघताना दारात एक वाक्य बोलत. "आता पाळी तुमची, ग्लासगोला या आमच्याकडे." आणि फिन्ले दरसाल म्हणे, "येऊ की, देवाची इच्छा असेल तर." दोघंही बोलत, दोघंही हात मिळवत, आणि पुढच्या सप्टेंबरात पुन्हा अ‍ॅनागबाईच येत. आईनं मागायचं नाही म्हटलं होतं. कुणी देऊ केलं तर घ्यायचं नाही, असं तर कुणी म्हटलं नव्हतं. शेवटचं स्तोत्र डॉलिनानं इतकं मोठ्यानं म्हटलं की पुढच्या बाकावरच्या दोघी वळून पाहू लागल्या.

जेवण नेहमीसारखं झालं. मटणाचा रस्सा, मटण, बटाटे, चहा, पुन्हा चहा. टॉर्मोडनं सकाळच्या अध्यायावर चार शब्द बोलायची परवानगी मागितली, आणि एफीनं त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला, त्यामुळे ते राहून गेलं. दोन वाजता पिशव्या दाराशी आल्या. तीन वाजता स्टॉर्नोवेची गाडी यायची होती. पाहुणे एकेक करून हात मिळवू लागले.

अ‍ॅनागबाई सगळ्यांत शेवटी उठल्या. एफीचे दोन्ही हात हातात घेतले. आभार मानले. इशबेलच्या गालाला हात लावला. फिन्लेशी हात मिळवला. "देव तुमचं कल्याण करो," म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

डॉलिना वाट पाहत होती. वाक्य आलंच नाही.

अठरा वर्षं न चुकलेलं वाक्य आज चुकलं. बाई उंबरठ्यावर गेल्या, एक पाय बाहेर पडला.  डॉलिना आता बोलली तर ते मागणंच, आणि बाप समोर उभा.

"अ‍ॅनागबाई," मायरेड म्हणाली.

सगळे वळले. मायरेड या घरात बावीस वर्षांपूर्वी आली, आणि पाहुण्यांच्या देखत मोठ्यानं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"यंदा तुम्ही म्हणाला नाहीत."

"काय म्हणाले नाही?"

"आता पाळी तुमची."

अ‍ॅनागबाईंनी पिशवी खाली ठेवली. आधी त्या हसल्या, मग त्यांचा चेहरा बदलला. "किती वेळा म्हणू, बाई?" त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं म्हटलं. आलं का कुणी? माझं घर तीन खोल्यांचं. हे गेल्यापासून दोन बंद. मी इथं येते, तुमच्या पलंगावर निजते, तुमची पोरगी जमिनीवर निजते हे मला ठाऊक आहे, आणि चार दिवस पोटभर जेवून परत जाते. बोटीत दरवर्षी वाटतं, मी काय दिलं? काही नाही. द्यायला गेले तर फिन्ले म्हणतात, देवाची इच्छा. तुम्ही चांगली माणसं आहात, पण तुमच्या दारात आम्ही कायम घेणारेच. यंदा मी येणारच नव्हते. आले, कारण राहवलं नाही. पण म्हणायचं नाही असं ठरवूनच आले."

 बाकीचे पाहुणे अंगणातून परत दाराशी आले होते, आणि टॉर्मोडनं टोपी काढली होती.

"मग मीच सांगते," मायरेड म्हणाली.  "आम्ही येतोय. माझी मुलगी येतेय. ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार, तीन रात्री. तिला तिथं विद्यापीठात होडी दाखवायची आहे. तिचा बाप न बघता गेला आणि मोडून परत आला. मला आज सकाळपर्यंत वाटत होतं, हिनं जाऊच नये. पण पोरगी तीन आठवडे स्वतःला कमी समजत होती आणि मला, आईला, ते कळलं नाही. तिनं बघून यावं. बघून मग नको म्हणाली तर नको."

"आणि चालत नसेल तर सांगा," डॉलिनानं घाईनं पुस्ती जोडली. कचेरीतली सवय.

"तीनच रात्री?" अ‍ॅनागबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "एका खोलीला खिडकी आहे, तिथून नदी दिसते. एकेकाळी तिथंच जहाजं बांधत. ती तिला देते."

इशबेल आईकडे पाहत होती. तिला आपल्या आईचा असा आवाज माहीत नव्हता.

आता सगळे फिन्लेकडे पाहू लागले. तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. डॉलिनाला सकाळच्या शब्दाची आठवण करून द्यायचा मोह झाला, तो तिनं गिळला.

"तुमच्याकडे पुस्तक उघडतं?" फिन्लेनं विचारलं. हा प्रश्न विचारायची गरज नव्हती, आणि तो ज्या आवाजात विचारला त्यात आधीची ऐट नव्हती.

"सकाळ-संध्याकाळ," अ‍ॅनागबाई म्हणाल्या. "ऐकायला कुणी नसतं. तरी मोठ्यानं वाचते."

 चाळीस वर्षं ज्याला आपण उपकार म्हणत आलो त्यानं एका भल्या बाईला दरवर्षी बोटीत रडवलं, हे समजून घ्यायला माणसाला थोडा वेळ लागतोच. मग तो टेबलाशी गेला, बसला आणि हात पुढे केला. "कागद दे, डॉलिना. आणि पेन. पाळकांनी वापरलं ते असेल तर ते."

ते नव्हतं. दुसरं दिलं.

त्यानं चष्मा लावला. सही करून मोकळा होईल असं सगळ्यांना वाटलं. पण तो फिन्ले होता. जे लपवलं होतं ते चारचौघांत काढायचं, तर पुरतं काढायचं. त्यानं अर्ज दोन्ही हातांत धरला आणि नऊ पाहुण्यांच्या देखत, घरच्या उपासनेत वाचतो त्याच संथ, भरल्या आवाजात वाचला. मुलीचं नाव. गाव. विषय. मग ती ओळ.

"या घराला हा खर्च झेपत नाही."

त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि पेन उचललं.

"खरं आहे ते," फिन्ले म्हणाला, आणि सही केली.

"मीसुद्धा माझ्या पुतण्याच्या मुलासाठी केली होती अशी," टॉर्मोड दारातून म्हणाला. "दोनदा. पोरगा दुसऱ्या खेपेला पास झाला." एरवी त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नसे, पण या वेळी एफीनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं.

"झालं?" डॉलिनानं कागदाकडे हात नेला. "टपालाची गाडी चारला. मी तिठ्यावरच जाऊन उभी राहते."

"थांब. इथं खाली आणखी एक जागा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसोबत एक मोठं माणूस. त्याचंही भाडं देतात म्हणे."

"मायरेडचं नाव घाला, बाबा."

"मायरेड, तू जाणार?"

मायरेडनं सासऱ्याकडे नीट पाहिलं, आणि मग कुणालाही दिसेल न दिसेल अशी मान हलवली. नाही.

फिन्लेचं पेन आधीच हलत होतं. जुन्या वळणाची, ठसठशीत अक्षरं. कागद त्यानं डॉलिनाकडे सरकवला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"मला पहाटे पाचला चहा लागतो, अ‍ॅनाग," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," अ‍ॅनागबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं तुमच्या किटलीच्या आवाजानंच जाग येते मला."